मुरमाची वाट

वऱ्हाडातल्या शेतकऱ्यापुढे नव्या रस्त्याची गोष्ट काढा. रस्ता किती रुंद आहे, त्यावर डांबर किती आहे, हे तो विचारणार नाही. त्याचा पहिला प्रश्न असतो, "पाण्यापावसात चालते काय?" या एका प्रश्नात आपल्या भागातल्या रस्त्यांचा सगळा इतिहास आहे.

आपली जमीन काळी. उन्हाळ्यात ती भेगाळते आणि पहिला दमदार पाऊस झाला की लोण्यासारखी मऊ होते. त्या मातीतून सायकल काढून पाहिलेल्यांना ठाऊक आहे, पन्नास पावलांत चिखल चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये घट्ट बसतो. चाक फिरेनासे होते. मग काडीने चिखल उकरा, पुन्हा पन्नास पावले जा, पुन्हा उकरा. शेवटी माणसावर बसायची सायकल माणसाच्याच खांद्यावर चढते. अशा वेळी पुढे कुठे तांबूस मुरमाचा पट्टा दिसला की जिवात जीव येतो.

गंमत अशी की अडवणारी ती काळी माती आणि सोडवणारा हा मुरूम, दोघे एकाच दगडाची लेकरे आहेत. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनच्या भूमीला भेगा पडून तप्त लाव्हा वाहिला. थरावर थर साचत गेले आणि थंड होऊन त्यांचा काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट झाला. गाविलगडचे डोंगर या थरांचेच आहेत. लांबून पाहिले तर ते पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात. म्हणूनच भूगर्भशास्त्रज्ञांनी या खडकाला 'ट्रॅप' म्हटले. स्वीडिश भाषेत 'ट्रापा' म्हणजे जिना. हा दगड ऊन, वारा, पाणी खात खात कुजला की त्याचा मुरूम होतो आणि आणखी झिजला की काळी माती होते. फोडला तर गिट्टी. वऱ्हाडचा जुना रस्ता म्हणजे खाली गिट्टी आणि वर मुरूम. डोंगरच फोडून आपण आपल्या पायांखाली अंथरला.

जुने लोक वऱ्हाडचे तीन भाग सांगत. दक्षिणेला बालाघाट, मध्ये पूर्णेच्या खोऱ्याचा पयानघाट आणि उत्तरेला सातपुड्यातला मेळघाट. अकोला-अमरावतीची माणसे पयानघाटची. उन्हाळ्यात चिखलदऱ्याला जायचे, शक्कर तलावाकाठी बसायचे, गाविलगड पाहून परतायचे, एवढाच अनेकांचा मेळघाटाशी संबंध. अलीकडे मात्र जगभर मोटारी नसलेल्या, डांबर नसलेल्या वाटांवरून सायकल चालवण्याची हौस वाढली आहे. जाड टायरच्या खास सायकली निघाल्या आहेत. इंग्लंडमध्ये तर खडबडीत वाटांच्या सायकलस्वारांनी १९५५ सालीच आपली संघटना काढली होती. डोंगर ज्वालामुखीचा, भोवती जंगल, वर तलाव, वाट मुरमाची आणि गाडीचा आवाज नाही. असे ठिकाण या हौशी लोकांना हवे असते. आपल्या उंबऱ्याशी ते आहे. पण तिथे जाण्याआधी या वाटा कोणी केल्या आणि कशासाठी केल्या, ते माहीत असलेले बरे.

१८०३ सालचा डिसेंबर महिना. २९ नोव्हेंबरला अडगावची लढाई संपली होती आणि नागपूरकर भोसल्यांच्या ताब्यातल्या गाविलगडावर इंग्रजांची फौज चालून आली होती. सेनापती होता आर्थर वेलस्ली. पुढे १८१५ मध्ये वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा ड्यूक ऑफ वेलिंग्टन तो हाच. तो स्वतः दक्षिणेला, पायथ्याच्या बाजूने राहिला. मुख्य हल्ला मात्र उत्तरेकडून व्हायचा होता आणि तिकडे तोफा नेण्याची कामगिरी कर्नल स्टीव्हन्सनकडे होती. अचलपूरकडून निघून डोंगर आणि दऱ्या ओलांडत जवळजवळ ३० मैल जायचे होते. तोफा जाव्यात अशी वाट नव्हती. ७ ते १२ डिसेंबर या दिवसांत सैनिकांनी आधी रस्ता करायचा आणि मग त्यावरून तोफा हातांनी ओढायच्या, असे चालले. वेलस्लीने आपल्या खलित्यात या कष्टांची नोंद केली आहे. तोफा लागल्या आणि १५ डिसेंबरला गड पडला. दोन दिवसांनी देवगावचा तह झाला. वऱ्हाडचे धनीपण एका आठवड्यात फिरले ते तोफांमुळे, असे आपण वाचतो. मला वाटते, ते त्या कच्च्या रस्त्यामुळे फिरले.

तोफा गेल्या, मग सागवान आले. १८५३ मध्ये वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात गेले आणि १८६७ पर्यंत अकोला, बडनेऱ्यावरून रेल्वे नागपूरला पोचली. मेळघाटचे सागवान खाली आणायला बैलगाड्यांच्या वाटा लागल्या. परतवाड्याचा लाकूडबाजार त्या वाटांवर वाढला. जंगल राखीव झाल्यावर वनखात्याने आपले रस्ते पाडले, वणवा अडवायला जाळरेषा काढल्या. या वाटांवर दगड फोडणारे आणि मुरूम पसरणारे हात बहुतेक कोरकूंचे होते. मुंडा कुळातली त्यांची भाषा आपल्या मराठीहून अगदी वेगळी. खलित्यात वेलस्लीचे सैनिक तरी आले. मुरूम टाकणाऱ्या कोरकू बाईचे नाव कुठल्याही कागदावर नाही.

सायकल या वाटांवर आली ती हौस म्हणून नव्हे. मास्तर, पोस्टमन, वनरक्षक, कापडाचे गाठोडे मागे बांधून बाजार करणारा फेरीवाला, यांची ती गरज होती. आमच्या लहानपणी लग्नात सायकल, घड्याळ आणि रेडिओ मिळाला म्हणजे जावयाचा थाट झाला असे मानत. घरची सायकल नसेल तर तासाच्या भाड्याने आणायची. आज ज्याला साहस म्हणतात, त्या चढावर हे लोक सायकल हाती धरून रोज चढत आणि उतारावर ब्रेकपेक्षा चपलेवर अधिक भरवसा ठेवत.

जगाच्या इतिहासातही एक मौज आहे. मोटारी येण्याआधी, १८८० नंतरच्या काळात, अमेरिकेत चांगल्या रस्त्यांची चळवळ उभारली ती सायकलस्वारांनी. मोटारी आल्या आणि त्यांच्या धुळीवर उपाय म्हणून डांबर पसरत गेले. मग त्याच मोटारींनी सायकलला रस्त्याच्या कडेला ढकलले. आता सायकलस्वार पुन्हा मुरमाकडे निघाला आहे. शंभर वर्षांत चाक पूर्ण फिरले म्हणायचे.

मेळघाटातून आणखी एक वाट जाते, ती लोखंडाची. अकोल्याहून अकोटमार्गे खांडव्याला जाणारी मीटरगेज रेल्वे. धूळघाटाजवळ चढ कमी करण्यासाठी हा मार्ग गोल फिरून स्वतःलाच ओलांडतो. आपल्याकडच्या प्रवाशांनी त्याला 'चार का आकडा' असे नाव दिले. जंगलातल्या टप्प्यावर २०१७ पासून गाडी धावलेली नाही. मार्ग रुंद करायचा तर तो वाघांच्या जंगलातून करायचा की बाहेरून वळसा घालून, यावर बरीच वर्षे वाद झाला आणि पुढे वळशाचा पर्याय आला. दरम्यान जंगलातल्या त्या मार्गावर शांतता झाली.

जर्मनीत आयफेल नावाचा ज्वालामुखीचा डोंगराळ प्रदेश आहे. तिथे ज्वालामुखीच्या विवरांत गोल तलाव साचले आहेत. बंद पडलेल्या एका रेल्वेमार्गावर त्यांनी डौनपासून मोझेल नदीपर्यंत सायकलमार्ग केला आणि लोक तो आवडीने वापरतात. आपल्याकडेही कोणी म्हणेल, मेळघाटात तसेच करू. मोह मलाही होतो. पण आयफेलच्या वाटेवर वाघ नाही. मेळघाट हा देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक. तिथल्या गाभ्याच्या जंगलात परवानगीवाचून पाऊल टाकता येत नाही आणि ते योग्यच आहे.

आणि वाघापलीकडेही एक गोष्ट आहे. त्या जंगलातली बोरी, कोहा, कुंड ही गावे या शतकाच्या सुरुवातीला उठवून खाली वसवली गेली. नंतर आणखीही गावे उठली. जंगलाला त्याने मोकळा श्वास मिळाला, हे खरे. खाली आलेल्या माणसांना हवा, पाणी, शेती सगळे नव्याने शिकावे लागले, हेही खरे. म्हणून एखादी वाट निवांत दिसली की आपण लगेच खूश होऊ नये. ती निवांत का आहे, हे विचारावे. कुठे तोफा गेल्या म्हणून निवांत, कुठे रेल्वे गेली म्हणून, आणि कुठे माणसे गेली म्हणून. गाडी नसलेला रस्ता रिकामा असतोच असे नाही.

मग सायकल न्यायचीच नाही का? जरूर न्यावी. गाभ्याच्या बाहेर, पायथ्याच्या गावांमधून, चिखलदऱ्याच्या पठारावर मुरमाच्या वाटा आजही आहेत. त्यांच्यावर पर्यटनासाठी घाईने डांबर ओतू नये. गावाच्या गरजेचा रस्ता मात्र जरूर पक्का करावा. आजारी बाईला दवाखान्यात पोचवायचे असते तेव्हा मुरमाचे कौतुक कोणी सांगू नये. वाट दाखवायला कोरकू पोरगा सोबत घ्यावा, त्याला त्याची मजुरी द्यावी आणि त्याच्या भाषेत डोंगराला काय म्हणतात, हे विचारावे. दिवस मावळायच्या आत परतावे.

मराठीत आपण कोणाची तरी वाट पाहतो. आमच्या घरच्या उर्दूत त्यालाच 'रास्ता देखना' म्हणतात. दोन्ही भाषांनी वाट बघण्यासाठी रस्ताच निवडला, कारण येणारा माणूस रस्त्यानेच येतो. मेळघाटातली मुरमाची वाट दोनशे वर्षांहून अधिक काळ कोणाकोणाला येताना पाहत आली आहे. तोफा घेऊन आलेले, कुऱ्हाड घेऊन आलेले, नोटीस घेऊन आलेले. आता कोणी दोन चाकांवर, रिकाम्या हातांनी येणार असेल, तर त्याने निदान घंटी वाजवून यावे. पुढे कोणीतरी राहते.