काडीमोड आणि घटस्फोट

विवाहविच्छेदाच्या इतिहासात कलमांइतकीच शब्दांचीही साक्ष घेणे अवश्य आहे. काडीमोड, सोडचिठ्ठी हे मराठीतील जुने शब्द होत. काडी मोडणे ही साक्षीदारांपुढील कृती, तर चिठ्ठी हा लेख. ज्या जातींत ही रूढी होती तेथे निवाडा बहुधा पंच करीत. याउलट ‘घटस्फोट’ हा धर्मशास्त्रात पतिताला बहिष्कृत करण्याचा विधी होता. विवाहविच्छेदाला हाच शब्द पुढे रूढ व्हावा, यावरून शिष्टसमाजाची त्याविषयीची दृष्टी सूचित होते.

इंग्रजी न्यायालयांनी हा प्रश्न सोपा केला नाही. पतीकडे नांदावयास जावे, अन्यथा सहा महिने कारावास भोगावा, असा निर्णय रखमाबाईंविरुद्ध मुंबईत १८८७ मध्ये झाला. पुढे कोल्हापूर (१९१९), बडोदे (१९३१) व मुंबई प्रांत (१९४७) येथे कायदे झाले. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने विच्छेदाची कारणे नमूद केली; परस्परसंमतीचा मार्ग १९७६ मध्ये खुला झाला.

तथापि १९५५ च्या कायद्याच्या कलम २९(२) ने रूढिसिद्ध काडीमोडही राखून ठेवली आहे. मात्र ती रूढी पुराव्याने सिद्ध करावी लागते. ती सिद्ध न झाल्यास सोडचिठ्ठी निष्फळ ठरते आणि तिच्या भरवशावर केलेला पुनर्विवाहही शून्यवत होतो. शब्द जुना असला, तरी त्याची किंमत आजही एखाद्या स्त्रीला मोजावी लागते.