शैक्षणिक वेळापत्रकाची पुनर्रचना : चीन, १९७७-७८

सांस्कृतिक क्रांतीच्या आरंभी, १९६६ मध्ये, चीनमधील विद्यापीठ प्रवेशपरीक्षा स्थगित झाली. ऑगस्ट १९७७ मध्ये डेंग शियाओपिंग यांनी ती त्याच वर्षी पुन्हा घेण्याचा आग्रह धरला. परिणामी उन्हाळ्याऐवजी हिवाळ्यात परीक्षा झाली. शेतांवर व कारखान्यांत राबणाऱ्या, तिशीकडे झुकलेल्या तरुणांनाही संधी देण्यात आली. सुमारे ५७ लाख परीक्षार्थींपैकी अंदाजे २ लाख ७० हजारांना प्रवेश मिळाला. त्यांचे वर्ग १९७८ च्या वसंत ऋतूत सुरू झाले. जुलै १९७८ च्या परीक्षेतून निवडलेले विद्यार्थी त्याच वर्षी शरद ऋतूत दाखल झाले. अशा रीतीने एकाच वर्षात दोन तुकड्या सामावून वेळापत्रक पूर्ववत झाले. तथापि, वंचित पिढीतील बहुसंख्य तरुण विद्यापीठाबाहेरच राहिले. वेळापत्रकाच्या दुरुस्तीने संस्थांची घडी बसली. पिढीचे नुकसान मात्र भरून निघाले नाही.