कापितचा कोरा रकाना

मलेरियाचे निदान म्हटले की सूक्ष्मदर्शक डोळ्यांपुढे येतो. १८८० साली लाव्हराँ या फ्रेंच लष्करी डॉक्टराने अल्जीरियात रुग्णाच्या रक्तात मलेरियाचा परजीवी प्रथम पाहिला. १८९७ साली रोनाल्ड रॉसने सिकंदराबादेत तो डासाच्या पोटात पाहिला. पुढे जवळजवळ शंभर वर्षे काचपट्टीवरचा रक्ताचा थेंब, रंग आणि सराईत नजर एवढ्यावर साऱ्या जगाचे भागले. या नजरेची मर्यादा कुठे आहे, हे बोर्निओ बेटावरच्या कापित भागात कळले. त्याची ही हकीकत.

विसाव्या शतकातली पाठ्यपुस्तके माणसाला मलेरिया देणारे चार परजीवी सांगत: फाल्सिपेरम, व्हायव्हॅक्स, मलेरिई आणि ओव्हल. १९९९ साली कापितमधल्या सुमारे एक पंचमांश रुग्णांच्या काचपट्ट्यांवर 'मलेरिई' असा शेरा पडला होता. हा परजीवी तसा संथ. त्याची रक्तातली एक पिढी ७२ तासांची; आपल्या आयुर्वेदातला 'चतुर्थक' ज्वर आठवावा. कापितचे हे रुग्ण मात्र त्या वर्णनात नीट बसत नव्हते.

आता थोडे तंत्राविषयी. १९८३ साली कॅरी मलिस या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाला पीसीआर ही पद्धत सुचली. त्याबद्दल १९९३ साली त्यांना नोबेल मिळाले. डीएनएचा ठराविक तुकडा हेरून त्याच्या प्रती काढायच्या. दर फेरीत प्रती दुप्पट होतात, म्हणजे तीस फेऱ्यांत एकाचे शंभर कोटींहून अधिक! तुकडा हेरण्याचे काम 'प्रायमर' करतात. आम्हा संगणकवाल्यांच्या भाषेत तो शोधशब्द. १९९३ साली जॉर्ज स्नूनू आणि सहकाऱ्यांनी मलेरियासाठी दोन टप्प्यांची चाचणी दिली. पहिल्या टप्प्यात सर्व मलेरिया परजीवींना समान असा शोध, दुसऱ्यात चौघांचा वेगवेगळा.

मलेशियाच्या सारावाक विद्यापीठातील बलबीर सिंग आणि जॅनेट कॉक्स-सिंग यांनी हीच चाचणी कापितच्या रक्तावर लावली. पहिला टप्पा म्हणाला, मलेरिया आहे. दुसरा म्हणाला, चौघांपैकी कोणीच नाही. असा कोरा रकाना आला की नमुना खराब होता म्हणून तो बाजूला सारणे सोपे असते. त्यांनी तसे न करता त्या डीएनएची अक्षरेच वाचून काढली. परजीवी निघाला नोलेसी, म्हणजे माकडांचा मलेरिया! मग त्याचा शोधशब्द तयार करून २०८ मलेरिया रुग्ण तपासले. त्यांतल्या १२० जणांत, म्हणजे ५८ टक्क्यांत, नोलेसी सापडला. मलेरिई एकातही नाही. हा निबंध २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये आला.

नोलेसी काही नवखा नव्हता. कलकत्त्यात नोल्स आणि दासगुप्ता यांनी तो माकडातून माणसाला होऊ शकतो, हे १९३२ सालीच दाखवले होते. १९६५ साली मलायाच्या जंगलातून परतलेल्या एका अमेरिकन माणसात तो आढळला. तेव्हाही आधी फाल्सिपेरम, मग मलेरिई असेच निदान झाले होते. रुग्णाचे रक्त माकडांना टोचले, तेव्हा खरा प्रकार उघड झाला. पुढची जवळजवळ चाळीस वर्षे मात्र असे रुग्ण म्हणजे अपवाद, अशीच समजूत राहिली.

हा नुसता नावाचा घोळ नव्हता. नोलेसीची पिढी २४ तासांची, 'अन्येद्युष्क' ज्वरासारखी. त्यामुळे रक्तातली संख्या झपाट्याने चढते. २००८ साली सारावाकमधील चार मृत्यूंचा अभ्यास प्रसिद्ध झाला. चौघांच्याही काचपट्ट्यांवर मलेरिईसारखेच परजीवी दिसले होते, आणि चौघांनाही नोलेसीच होता.

सूक्ष्मदर्शक यामुळे अडगळीत गेला नाही. पीसीआरला प्रयोगशाळा लागते, वेळ लागतो; गावच्या दवाखान्यात काचपट्टी आजही लागते. शिवाय नवी चाचणीही आपण विचारलेल्याच प्रश्नाचे उत्तर देते. तिच्या यादीत पाचवे नाव नव्हते, म्हणून तीही त्याला ओळखू शकली नाही. पण ओळखत नाही, एवढे तिने स्पष्ट सांगितले. काचपट्टीवरच्या नजरेने मात्र परक्याला ओळखीच्याचे नाव दिले होते. यादी अपुरी आहे ही शंका यंत्राला आली नाही. ती कोरा रकाना पाहून थांबलेल्या दोन माणसांना आली.