अनुपस्थित उपकरणांचे वीजनियंत्रण

अनुपस्थित उपकरणांचे वीजनियंत्रण : जे उपकरण बसवलेलेच नाही, काढून घेतले आहे किंवा ज्याचा ड्रायव्हर नाही, त्याच्यासाठी राखलेली वीज व घड्याळ-संकेत बंद ठेवण्याची ऑपरेटिंग सिस्टिमची कार्यपद्धती. इंटेल, मायक्रोसॉफ्ट व तोशिबा यांनी 1996 मध्ये मांडलेल्या ‘एसीपीआय’ मानकामुळे वीजनियंत्रणाचा निर्णय फर्मवेअरकडून ऑपरेटिंग सिस्टिमकडे आला. हे मानक 2013 पासून यूईएफआय फोरमकडे आहे.

उपस्थितीची विचारणा : एसीपीआयमध्ये ‘एसटीए’ या विचारणेचे उत्तर बिटांत मिळते : उपकरण आहे का, चालू आहे का, वापरणाऱ्याला दाखवायचे का, नीट चालते का. विचारणेची सोयच नसेल तर उपकरण आहे असे धरतात. पहिला बिट ‘नाही’ व चौथा ‘होय’ असल्यास त्या उपकरणाला वगळतात, पण त्याच्याखालच्या उपकरणांचा शोध चालू ठेवतात.

पीसीआय एक्सप्रेस : नसलेल्या उपकरणाचे रजिस्टर वाचले की सगळे बिट 1 येतात. अडचण अशी, की मुख्य वीज तोडलेले (‘डी3 कोल्ड’) उपकरणही हेच उत्तर देते. म्हणजे गाढ झोपलेले आणि काढून नेलेले उपकरण वाचनावरून वेगळे ओळखता येत नाही. म्हणून लिनक्स कर्नल स्लॉटमधील ‘कार्ड आहे’ हा बिट पाहतो किंवा उपकरणाला आधी जागे करून मगच वाचतो. दोन ग्राफिक कार्डांच्या लॅपटॉपवर ‘एलएसपीसीआय’ या आज्ञेने उपकरणांची साधी यादी मागवली तरी झोपलेले कार्ड जागे होते, ते यामुळे. काढलेल्या कार्डावर ‘तुटले’ अशी खूण केली नाही, तर जागे होताना कर्नल त्याची कित्येक सेकंद वाट पाहत बसतो.

निद्रा व भारनियमन : शीतनिद्रेत स्मृतीची प्रत डिस्कवर ठेवून संगणक पूर्ण बंद होतो. यवतसारख्या (ता. दौंड, जि. पुणे) गावातल्या ई-सेवा केंद्रात वीज गेल्यावर संगणक असा झोपवला आणि मधल्या वेळात ठसे घेणारे यंत्र काढून नेले, तर प्रतीत ते यंत्र जोडलेलेच असते. जागे झाल्यावर कर्नलला पुन्हा मोजदाद करावी लागते.

न वापरलेली साधने : सुरू होण्याच्या शेवटच्या टप्प्यात लिनक्स कोणी न मागितलेली घड्याळे व व्होल्टेज-नियंत्रक बंद करतो. ड्रायव्हर उशिरा येणार असेल, तर फर्मवेअरने चालू ठेवलेला पडदाही यात काळा पडतो. असा दोष शोधताना ‘क्लॉक इग्नोर अनयूज्ड’ हा पर्याय देतात. ड्रायव्हर नसणे म्हणजे उपकरण नसणे मानावे का, यावर एकमत नाही.

यूएसबी : जोडणी तुटल्याचे हबच्या पोर्टवरून कळते, पोर्टचीच वीज तोडल्यास ही खूण मिळत नाही.