पर्यावरणाचे शिक्षण : सक्ती ते संशोधन

पदवीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला, मग तो वाणिज्य शाखेचा का असेना, पर्यावरण हा विषय शिकावा लागतो. यामागे न्यायालयाचा आदेश आहे, हे थोड्यांनाच ठाऊक असते. विधिज्ञ एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २२ नोव्हेंबर १९९१ रोजी शाळा-महाविद्यालयांत हे शिक्षण देण्याचे निर्देश दिले. अंमलबजावणी मात्र रेंगाळली आणि २००३ मध्ये न्यायालयाला पुन्हा कान टोचावे लागले. त्यानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाचा सहा महिन्यांचा पाठ्यक्रम सर्व शाखांना लागू झाला. त्याचे पाठ्यपुस्तक पुण्याच्या डॉ. एरच भरुचा यांनी लिहिले. व्यवसायाने ते शल्यचिकित्सक!

या पाठ्यक्रमात एकूण ५० तासिका होत्या. पैकी ५ तासिकांइतका वेळ क्षेत्रभेटीसाठी राखलेला होता आणि १०० पैकी २५ गुण त्याच कामाला होते. नदी, टेकडी, कचरा डेपो किंवा परिसरातील पक्षी व वनस्पती प्रत्यक्ष पाहून नोंदी कराव्यात, ही अपेक्षा होती. विषयाचा खरा प्राण हाच. दुर्दैवाने अनेक ठिकाणी त्याची जागा झेरॉक्सच्या दुकानात मिळणाऱ्या तयार प्रकल्पांनी घेतली. पुण्यासारख्या शहरात मुळा-मुठेचे पात्र हाकेच्या अंतरावर असताना विद्यार्थ्याने प्रदूषणाची व्याख्या तेवढी पाठ करावी, हे खेदजनक आहे. आयोगाने २०२३ मध्ये नवीन शैक्षणिक धोरणाला अनुसरून पदवी स्तरासाठी सुधारित आराखडा जाहीर केला. त्यात या विषयाला ४ श्रेयांक आहेत. क्षेत्रकार्याचे भवितव्य अर्थातच शिकवणाऱ्यांच्या हाती.

गोडी लागलेल्या विज्ञान पदवीधरांना सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठासह अनेक सार्वजनिक विद्यापीठांत पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. करता येते. येथे नोंदवहीची जागा प्रयोगशाळा घेते. सांडपाण्याचा नमुना २७ अंश सेल्सिअसला ३ दिवस ठेवून सूक्ष्मजीवांनी किती प्राणवायू वापरला हे मोजायचे, म्हणजे पाण्यातील सेंद्रिय प्रदूषणाचा अंदाज येतो. रसायनशास्त्र, सांख्यिकी आणि कायदा या तिन्हींशी गट्टी जमवावी लागते. १४ सप्टेंबर २००६ च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार ठरावीक प्रकल्पांना पर्यावरणीय मंजुरी अनिवार्य आहे. मोठ्या प्रकल्पांसाठी आघात मूल्यांकनाचा अहवाल लागतो आणि तो तयार करणाऱ्या सल्लागार संस्थांत या पदवीधरांना काम मिळते. त्या अहवालाचा खर्च प्रकल्पाचा प्रवर्तकच करतो, हे नोकरी स्वीकारण्यापूर्वी लक्षात घेतलेले बरे.