कोसीच्या पात्राचे मोजमाप

१८ ऑगस्ट २००८ रोजी नेपाळमधील कुसहा येथे कोसी नदीचा पूर्वेकडील तटबंध फुटला आणि बिहारमधील सुपौल, मधेपुरा, अररिया, सहरसा व पूर्णिया या जिल्ह्यांतील तीस लाखांहून अधिक लोक पुरात सापडले. त्या वेळी नदीचा विसर्ग दीड लाख क्युसेकच्या आसपास होता. तटबंध साडेनऊ लाख क्युसेक पाण्यासाठी बांधलेले होते. क्षमतेच्या सहाव्या-सातव्या हिश्शाएवढ्या पाण्याने हा प्रलय घडवला, याचा उलगडा केवळ पाणी मोजून होत नाही. पात्रही मोजावे लागते.

हिमालयातून प्रचंड गाळ घेऊन सपाटीवर उतरणारी कोसी तटबंध होण्यापूर्वी दोनएक शतकांत सुमारे १२० किलोमीटर पश्चिमेकडे सरकली होती. गाळाने एक पात्र भरले की नदी शेजारच्या सखल भागात उतरे. १९५४ च्या भारत-नेपाळ करारानंतर भीमनगरचे बॅरेज व दोन्ही तीरांवरील तटबंध उभे राहिले आणि ही वाट बंद झाली. गाळ मात्र येतच राहिला. तो तटबंधांच्या आत साचून पात्र भोवतालच्या जमिनीहून उंच झाले. (तटबंधांच्या आत अडकलेल्या शेकडो गावांचा विचार तेव्हाही पुरेसा झाला नव्हता.)

असा बदल ओळखण्याची पद्धत सोपी आहे. एकाच ठिकाणी पाण्याची पातळी व विसर्ग वर्षानुवर्षे नोंदवायचे. पूर्वीइतकाच विसर्ग अधिक उंचीवरून वाहू लागला, तर पात्र वर आले, अरुंद झाले किंवा पुढे अडथळा निर्माण झाला, असे समजावे. यांपैकी नेमके काय, हे पात्राचे काटछेद सांगतात. एका पुरावरून निष्कर्ष काढणे मात्र धोक्याचे असते. पूर चढताना नदी तळ खरवडते व ओसरताना पुन्हा भरते. म्हणून काटछेद त्याच जागी, पावसाळ्यापूर्वी व नंतर घ्यावे लागतात. प्रवाहाचा रोखही पाहावा लागतो. कुसहा येथे नदी पूर्व तटबंधाला भिडली होती आणि प्रवाह दूर ठेवणारे आडवे बांध फुटण्याआधीच खचले होते. धोक्याची ही सूचना पातळीच्या आकड्यांत दिसत नव्हती.

फुटलेल्या जागेतून बहुतांश पाणी जुन्या, विसरलेल्या पात्रांत शिरले. उपग्रहचित्रांत नदी सुमारे १२० किलोमीटर पूर्वेला गेलेली दिसली. जानेवारी २००९ मध्ये भगदाड बुजवून प्रवाह पुन्हा तटबंधांत आणण्यात आला. उंचावलेला तळ तसाच राहिला.

सप्टेंबर २०२४ च्या अखेरीस बॅरेजमधून ६.६१ लाख क्युसेक पाणी सोडावे लागले. १९६८ नंतरचा हा सर्वाधिक विसर्ग होता. या वेळी भगदाड पडले ते दरभंगा जिल्ह्यात, पश्चिमेच्या तटबंधाला.