गढी : काळीचा वसूल, पांढरीच्या भिंती

विदर्भातील अनेक जुन्या गावांत घरांच्या दाटीत मातीचा एक उंच, ढासळलेला ढिगारा दिसतो. गावकरी त्याला ‘गढी’ म्हणतात. गढी म्हणजे लहान किल्ला की मोठे घर? खरे पाहता ती दोन्ही आहे. तशी ती का झाली, हे तिच्या रचनेवरून आपल्याला समजते.

किल्ला राजा बांधी. गढी बहुधा गावचा पाटील किंवा परगण्याचा देशमुख. शेतसारा वसूल करणे हे त्याचे वतन. वसुलाची रक्कम, धान्य आणि दप्तर घरातच ठेवायचे, म्हणून घराभोवती तट आणि बुरूज आले. आत मात्र नेहमीचाच वाडा : चौक, ओसरी, माजघर, पेव आणि वेढ्याच्या वेळी उपयोगी पडणारी विहीर. फ्रान्समधील ग्रामीण जमीनदारांनीही मध्ययुगात अशीच तटबंदीची घरे बांधली. तेथे घराभोवती पुष्कळदा पाण्याचा खंदक असे.

बुलढाणा जिल्ह्यातील सिंदखेडराजा येथील लखुजी जाधवांचा वाडा हे या प्रकारचे भव्य उदाहरण. जिजाबाईंचा जन्म येथे १५९८ मध्ये झाला, असे मानतात. लखुजी सिंदखेडचे देशमुख आणि निजामशाहीतील मातब्बर सरदार. पण १६२९ मध्ये दौलताबादेस निजामशहाच्या दरबारातच त्यांची हत्या झाली. घराचा तट दरबारातील दग्यापासून कोणाला वाचवणार?

सर्वांनाच दगडी बांधकाम परवडत नसे. मग भिंती मातीच्या. पण कोणत्या मातीच्या? शेतातील काळ्या मातीत माँटमोरिलोनाइट हे खनिज असते. ती पाण्याने फुगते आणि वाळल्यावर भेगाळते, म्हणून भिंतीला निरुपयोगी. गावठाणाची ‘पांढरी’ मात्र जुन्या घरांची माती, राख व चुनखडी मिसळून बनलेली असते. ती फारशी फुगत नाही. भिंत खाली रुंद आणि वर निमुळती ठेवीत. तोफेचा गोळा अशा भिंतीत रुतून बसे. तिचा खरा शत्रू पाऊस. माथ्यावरचे आच्छादन गेले की पाणी आत मुरते आणि भिंत खचते.

१८५३ मध्ये वऱ्हाड आणि १८५४ मध्ये नागपूरचे राज्य इंग्रजांच्या ताब्यात गेले. पेंढाऱ्यांचे भय त्याआधीच, १८१८ पर्यंत संपले होते. संरक्षणाची गरज उरली नाही, वसुलाची पद्धतही बदलली. मग डागडुजी थांबली आणि लोक घरे सारवायला गढीची माती नेऊ लागले.

येथेच मोठे नुकसान होते. गढ्या पुष्कळदा त्याहूनही जुन्या वस्तीच्या टेकाडावर उभ्या असतात. वर्धा जिल्ह्यातील पवनार येथे नागपूर विद्यापीठाने १९६७ मध्ये उत्खनन केले, तेव्हा पांढरीच्या टेकाडात एकावर एक साचलेले प्राचीन वस्तीचे थर मिळाले. माती उपसली की हे थर विस्कटतात, आणि विस्कटलेला थर पुन्हा जुळवता येत नाही.

म्हणून आपल्या गावच्या गढीचा नकाशा विद्यार्थ्यांकडून काढून घ्यावा. भिंतीची जाडी मोजावी, वृद्धांना विचारून नोंदी कराव्यात. खापरे दिसली तर जागची हलवू नयेत; ती जेथे आहेत तेथेच त्यांचा अर्थ लागतो.